काटा ८५, मोबाईल ८०: गाडीचा खरा वेग कोणता, हे कसं तपासायचं

मोबाईलचा जीपीएस आणि डॅशबोर्डचा काटा ताडून पाहायचा असेल तर नागपुरात वर्धा रोडचा डबलडेकर उड्डाणपूल टाळा. तिथे डोक्यावर मेट्रोचा पूल आहे. उपग्रहांचा सिग्नल अडतो, काही काँक्रीटवर आपटून उशिरा येतो आणि आकडा उगाच उड्या मारतो. ताशी ४० आणि ६०च्या चाचणीसाठी आउटर रिंग रोडचा मोकळा, सरळ पट्टा चालेल. ८० आणि १००साठी शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर चढा.

आधी टायरची हवा बघा, तीही सकाळी, गाडी चालवण्याआधी, दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याप्रमाणे. मे महिन्यात सकाळी २८ अंश आणि दुपारी ४५ असेल तर तोच टायर नुसत्या उन्हाने साधारण ३ पीएसआय जास्त दाखवतो. दुपारी ‘जास्त झाली’ म्हणून हवा काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमीच भरणार.

सोबत एक माणूस हवाच. चालवणाऱ्याने काटा वाचून मोठ्याने सांगायचा, शेजारच्याने जीपीएसचा आकडा बघून दोन्ही लिहायचे. शेजारच्या सीटवरून काटा वाचू नका; तिरकस नजरेनेच दोन-तीन किलोमीटरचा फरक पडतो. प्रत्येक वेग १०-१५ सेकंद स्थिर ठेवा, क्रूझ कंट्रोल असेल तर उत्तमच. मोबाईलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच आकडा बदलतो, त्यामुळे वेग वाढवताना किंवा ब्रेक मारताना तो मागे राहतो. मोकळ्या आभाळाखाली स्थिर वेगात मात्र त्याची चूक ताशी १ किलोमीटरच्याही आत असते. उपग्रहाच्या लहरींची वारंवारता गाडीच्या वेगाने किती बदलली यावरून तो वेग काढतो. टायरशी त्याला देणंघेणं नाही.

खात्री हवी असेल तर किलोमीटरच्या पाट्या आणि स्टॉपवॉच वापरा. ताशी ८०ने ५ किलोमीटरला ३ मिनिटं ४५ सेकंद लागतात. एकाच किलोमीटरवर विसंबू नका, एखादी पाटी पुढेमागे असू शकते.

समजा आकडे असे आले: जीपीएस ४०, ६०, ८०, १०० आणि काटा ४३, ६४, ८५, १०६. खरा वेग ६०ने वाढला, काटा ६३ने. म्हणजे ५ टक्के फरक वेगासोबत वाढणारा, वर १ किलोमीटर कायमचा. हा बिघाड नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९नुसार मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त मात्र १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. खरा वेग ८० असताना काटा ९२वर असला तरी त्या नियमात बसतो. कंपन्या म्हणूनच मुद्दाम थोडं वर दाखवतात.

आता त्या फरकात टायरचा वाटा किती? ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या सॉकेटला) अ‍ॅडॅप्टर लावून अ‍ॅपवर वेग बघा. बहुतेक गाड्यांत हा आकडा डॅशबोर्डने वाढवण्याआधीचा असतो, पण पूर्णांकातच येतो. जीपीएस ८०, ओबीडी ८२, काटा ८५ असेल तर २ टायरचे, ३ डॅशबोर्डचे. एकूण किलोमीटर मोजणाऱ्या ओडोमीटरवरूनही हेच कळतं: त्यात सहसा मुद्दाम वाढ नसते, त्यामुळे पाट्यांपेक्षा तो जास्त चालत असेल तर संशय टायरवर घ्या.

टायरचं गणित सोपं आहे. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) चा व्यास ६२१.५ मिमी. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी, घासून १.६ला आली की व्यास १२.८ मिमीने घटतो, म्हणजे २ टक्के. चाक तेवढं जास्त फिरतं, काटा तेवढा वर जातो. उलट धोका जाड टायरचा. त्याच रिमवर २०५/६५ चढवला तर व्यास ६४७.५, म्हणजे ४ टक्के मोठा. कंपनीने ठेवलेली सवलत जवळपास संपते. काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवू लागला, तरी चालान तुमच्याच नावाने येईल. रिम मोठी करायचीच असेल तर १९५/५५ आर १६ घ्या, व्यास ६२०.९ मिमी.

‘सेन्सर गेलाय म्हणून ५ जास्त दाखवतो’ असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. काट्याला वेग कळवणारा एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर चाकासोबत फिरणाऱ्या रिंगचे दाते किंवा चुंबकी पट्टे मोजतो. बिघडला तर मोजणी तुटते: काटा उड्या मारतो किंवा शून्यावर येतो आणि एबीएसचा दिवा लागतो. दिवा लागला तर आधी सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस आणि पावसाळ्यातली काळी माती मऊ ब्रशने काढा. चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललं असेल तर ते उलटं बसलंय का ते पाहा. अनेक गाड्यांत चुंबकी पट्टे बेअरिंगच्या एकाच बाजूच्या सीलमध्ये असतात आणि ती बाजू सेन्सरकडेच हवी. डोळ्यांना दोन्ही सील सारखेच काळे दिसतात, म्हणून बसवण्याआधी स्टेपलरची पिन हलकेच टेकवून बघा. चिकटते ती बाजू सेन्सरकडे. ओळखायला मोठं चुंबक मात्र जवळ आणू नका, पट्टे पुसले जातील.