गिअरची गाडी शिकताय? या चुका टाळा (आणि चौराह्यावर गाडी बंद पडली तर काय करायचं)

आमच्या इंदौरच्या सुदामा नगरात माझ्या ओळखीच्या निदान पाच-सहा जणी अशा आहेत की कारचं लायसन्स आहे, दारात गाडी उभी आहे, पण राजवाड्याला जायचं म्हटलं की रिक्षा शोधतात. का गं म्हणून विचारलं की उत्तर एकच, सिग्नलला बंद पडते आणि मागचे हॉर्न मारतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण हे दोन आठवड्यांत सुटणारं काम आहे आणि त्यासाठी बायका दहा-दहा वर्षं लायसन्स कपाटात ठेवून बसतात.

मी स्वतः चाळिशीच्या जवळ आल्यावर शिकले. त्यानंतर माझी वहिनी, भाची आणि शेजारच्या काकू (वय ५८) अशा तिघींना शिकवलं, म्हणजे डावीकडच्या सीटवर बसून भरपूर तास काढलेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. नव्वद टक्के चुका डाव्या पायाच्या असतात. स्टिअरिंग सगळ्यांना लवकर येतं, ब्रेक येतो, रेस पण येते, डावा पाय मात्र शिकायचा राहूनच जातो.

तो का राहतो तर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूला पण क्लच आणि ब्रेक असतात. सेफ्टीसाठी ते हवंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण होतं असं की तुम्ही क्लच जरा फास्ट सोडला आणि गाडी बंद पडायला आली की सर त्यांच्या बाजूचा क्लच दाबतात, गाडी वाचते, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला जमलं. पंधरा-वीस दिवस असंच चालतं. मी शिकले तिथले सर दिवसभर "मॅडम, धीरे छोड़ो" म्हणायचे पण धीरे म्हणजे कुठपर्यंत आणि कुठे थांबायचं हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. मग घरच्या गाडीत एकटं बसल्यावर पहिल्याच वळणावर बंद.

पहिलं काम, क्लच कुठे पकडतो ते शोधा

आधी आत काय होतं ते दोन ओळीत. इंजिन चालू असताना फिरतच असतं, मिनिटाला साधारण आठशे फेरे, आणि चाकं उभी असतात. मधे क्लच प्लेट असते. पेडल दाबलं की इंजिन आणि चाकं सुटी होतात, सोडलं की चिकटतात. फिरणारी वस्तू उभ्या वस्तूला एकदम चिकटवली तर इंजिनाला तेवढा जोर झेपत नाही आणि ते बंद पडतं. हळूहळू घासत घासत चिकटवली तर चाकं पण फिरायला लागतात. बस एवढंच आहे, बाकी सगळं यावरच.

आता रविवारी सकाळी लवकर सुपर कॉरिडॉरला जा, रस्ता रुंद आहे, सपाट आहे, त्या वेळी मोकळा पण असतो, मेन रोडवर नको, आतल्या रिकाम्या रस्त्यावर गाडी घ्या. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं कोणीतरी हवं आणि लर्निंग असेल तर लाल एल लावलेला हवा. एसी बंद. क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका, हॅंडब्रेक खाली, उजवा पाय ब्रेकवरून काढून बाजूला ठेवा, रेसला अजिबात हात लावायचा नाही म्हणजे पाय लावायचा नाही. आता डावा पाय अगदी हळू वर आणा. एका जागी इंजिनचा आवाज जड होईल, गाडीत बारीक थरथर येईल. तिथेच थांबा. पाय वर नाही, खाली नाही. गाडी आपोआप पुढे सरकायला लागेल. पाच-सात फूट गेली की क्लच दाबा, ब्रेक दाबा, थांबा. परत. असं तीस वेळा, चाळीस वेळा, कंटाळा येईपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी परत. दर चार-पाच वेळांनी जरा थांबायचं म्हणजे प्लेट पण तापत नाही.

डिझेल गाडी असेल तर हे लगेच जमतं कारण तिला कमी फेऱ्यांतच जोर असतो. छोट्या पेट्रोल गाडीला जास्त सबुरी लागते, पण सपाटीवर ती पण बिना रेसची निघते. माझ्या वहिनीने पहिल्या दिवशी निम्मा वेळ बंद पाडली, दुसऱ्या दिवशी तासाभरात दोनदाच. रेस नंतर जोडायची, थोडीशी, इंजिनचे फेरे दाखवणारा काटा बाराशे-पंधराशेपर्यंत.

इथेच सगळ्यात कॉमन चूक होते ती नीट वाचा. गाडी हलली की जीव भांड्यात पडतो आणि आपण उरलेला क्लच एकदम सोडून देतो. तेव्हाच झटका बसून बंद पडते. गाडी हलायला लागली म्हणजे प्लेट पूर्ण चिकटली असं नाही, अजून ती घासतेच आहे. तेव्हा हलल्यावर पाय तिथेच धरून मनात एक, दोन, तीन म्हणा आणि मग उरलेला सोडा. काकूंना मी हे मोठ्याने म्हणायला लावलं होतं, त्या एक-दोन-तीन म्हणायच्या आणि गाडी लोण्यासारखी निघायची.

अजून एक, सीट. क्लच पूर्ण तळाला दाबल्यावर सुद्धा गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून पंजाच्या टोकाने दाबत असाल तर कंट्रोल येणारच नाही. सैल चप्पल आणि हिल नको. टाच जमिनीवर टेकवून क्लच सोडायची सवय लावा, पाय हवेत असला की थरथरतो.

चौराह्यावर बंद पडली तर

पडणार. पहिल्या महिन्यात कोणाचीही पडते. भंवरकुआंच्या सिग्नलवर वहिनीची लागोपाठ चार वेळा बंद पडली, मागे सिटी बस, बाजूला ई-रिक्षा, हॉर्नवर हॉर्न, आणि ती रडवेली होऊन म्हणाली ताई, तुम्हीच घ्या गाडी. मी म्हटलं, आधी गिअर बघ. तिसऱ्यात होती! घाईत पहिल्याऐवजी तिसरा पडला होता, त्यात गाडी उठणार कशी.

म्हणून ही सवय लावा. बंद पडली की आधी उजवा पाय ब्रेकवर, क्लच पूर्ण खाली, चारही इंडिकेटर लावणारं लाल त्रिकोणाचं बटण दाबा. मग गिअर न्यूट्रलला आणा, चावी फिरवा, गाडी चालू झाली की गिअर डावीकडे पूर्ण ढकलून वर, म्हणजे पहिलाच पडेल. हॅंडब्रेक ओढलेला नाही ना ते बघा. आणि श्वास घ्या. मागच्याच्या गाडीला ब्रेक आहे, तो थांबलाय म्हणूनच हॉर्न मारतोय. सगळ्या प्रकाराला दहा सेकंद लागतात, घाई केली तर परत बंद पडून मिनिट जातं. काही नव्या गाड्यांना क्लच दाबल्याशिवाय स्टार्टरच लागत नाही, तिथे "बॅटरी गेली वाटतं" म्हणून घाबरू नका, क्लच तळापर्यंत गेलाय का ते बघा.

हाफ क्लचचं व्यसन

एकदा क्लच पकडायची जागा सापडली की उलटी चूक सुरू होते, सगळीकडे हाफ क्लचवरच चालवायची. जेल रोडला किंवा सीतलामाता बाजाराकडे सणावाराची गर्दी असली की लोक अर्धा क्लच धरून इंच इंच पुढे सरकवत राहतात. तेव्हा प्लेट सतत घासते, तापते, आणि जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. तो वास आला की गाडी बाजूला घेऊन दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या. वारंवार केलं तर प्लेट लवकर बदलावी लागते आणि गिअरबॉक्स खाली उतरवावा लागत असल्यामुळे मजुरी पण चांगलीच लागते.

गर्दीत पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नका. थोडी जागा होऊ द्या, मग पहिल्यात निघा, क्लच पूर्ण सोडा, गाडी आपल्या चालीने जाऊ दे, परत थांबा. मधे स्कूटीवाला घुसेल, घुसू दे. लालबत्ती मोठी असेल तर न्यूट्रल आणि हॅंडब्रेक, डावा पाय पूर्ण मोकळा. चालवताना पण गिअर बदलायचा नसेल तेव्हा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवायचा, नुसता टेकवून ठेवला तरी आतली बेअरिंग झिजते.

चढावर मागे सरकते

जूनी इंदौरच्या पुलावर जाम लागला की नवीन माणसाला घाम फुटतो. उपाय जुनाच आहे आणि शंभर टक्के चालतो. हॅंडब्रेक ओढा, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच त्या पकडायच्या जागेपर्यंत आणा, गाडीचं नाक जरासं उचललं जाईल आणि मागचा भाग दबल्यासारखा वाटेल. तेव्हाच हॅंडब्रेक सोडा. आधी सोडला तर मागे जाल, फार उशिरा सोडला तर बंद पडेल. नव्या बऱ्याच गाड्यांत चढावर दोन-एक सेकंद ब्रेक आपोआप धरून ठेवायची सोय असते, पण शिकताना तिच्यावर राहू नका, उद्या दुसऱ्याची गाडी चालवावी लागली तर? क्लचवर गाडी तोलून उभी ठेवायची हुशारी पण नको, प्लेट तिथेच सगळ्यात जास्त जळते.

उतारावर न्यूट्रल, कृपा करून नको

हे मी जरा जोर देऊनच सांगते. ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे भेरू घाट लागतो, तिथे कितीतरी लोक पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरतात. न्यूट्रलमधे इंजिन गाडीला अजिबात अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक लागत नाही. ए.बी. रोडवर (आग्रा-मुंबई रस्त्यावर) मानपूरच्या पुढचा गणपती घाट तर ट्रकचे ब्रेक फेल होऊन झालेल्या अपघातांसाठीच सगळ्यांना माहीत आहे. कार हलकी असते हे खरं पण चार माणसं आणि सामान भरलं की ती पण ऐकत नाही.

आणि पेट्रोल वाचतच नाही हो. ते जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं गणित होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही गिअरमधे असताना रेसवरून पाय काढला की कॉम्प्युटर पेट्रोल बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर इंजिन चालू राहायला उलट पेट्रोल लागतं. तेव्हा उतार जितका तीव्र तितका खालचा गिअर, दुसरा नाहीतर तिसरा, रेसवरून पाय काढा आणि ब्रेक मधून मधून दाबून सोडा. तो सतत दाबून ठेवायचा नाही.

ब्रेक मारताना आधी क्लच दाबायची सवय पण याच घरातली. चाळीसच्या स्पीडला कोणी आडवं आलं की घाबरून दोन्ही पाय एकदम जातात. अगदी इमर्जन्सी असेल तर ठीक आहे, बंद पडली तरी चालेल पण थांबली पाहिजे. रोजच्या थांबण्यात मात्र आधी ब्रेक, आणि गाडी अगदी हळू झाली, इंजिन जड व्हायला लागलं, की मग क्लच.

गिअर बदलण्याबद्दल फार लिहीत नाही, ते हाताला लवकर येतं. ढोबळ मानाने ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत पहिला, पंचवीस-तीसपर्यंत दुसरा, चाळीस-पंचेचाळीसपर्यंत तिसरा, साठपर्यंत चौथा, पण काट्यापेक्षा आवाज ऐका. इंजिन किंचाळतंय तर वरचा गिअर हवा, गाडी धडधडतेय आणि पिकअप नाही तर खालचा. लिव्हरकडे खाली बघायचं नाही, त्यावर हात टेकवून पण ठेवायचा नाही, त्या वजनाने आतले भाग झिजतात. रिव्हर्स गाडी पूर्ण थांबल्यावरच, नाहीतर करकर आवाज येणार. गाडी उभी असताना पहिला पडत नसेल तर ताकद लावू नका, क्लच सोडून परत दाबा, पडतो.

चूक तुमची की गाडीची?

कधी कधी गाडीचीच असते आणि आपण उगाच स्वतःला दोष देत बसतो. रेस दिल्यावर आवाज वाढतो, काटा वर जातो पण गाडी पळत नाही, तर प्लेट घसरतेय, मिस्त्रीला दाखवा. क्लच अगदी वर, सुटता सुटता पकडत असेल तर प्लेट झिजत आलीय किंवा सेटिंग बिघडलंय. इंजिन चालू असताना गिअर जड जातात आणि बंद केल्यावर सहज पडतात, असं असेल तर पेडल दाबून सुद्धा क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलची गाडी असेल तर केबल, ऑइलची असेल तर ऑइल बघायला सांगा.

आणि मिस्त्रीकडे जायच्या आधी खाली वाकून मॅट बघा. काकूंच्या गाडीचे गिअर आठवडाभर करकरत होते, काका म्हणत होते हिलाच जमत नाहीये, काकूंनी तर गाडी सोडायचंच ठरवलं होतं. मी जाऊन बसले, क्लच दाबला तर तो तळाला टेकतच नव्हता. रबराची नवीन मॅट दुमडून पेडलखाली गेली होती. ती काढून डिकीत टाकली आणि काकू त्याच संध्याकाळी अन्नपूर्णा मंदिरापर्यंत स्वतः चालवत गेल्या, मी शेजारी, काका मागच्या सीटवर.