दोन भाऊ, दोन स्वभाव: पालकांनी काय करावे

एकाच घरात वाढणाऱ्या दोन भावांपैकी एक परक्या घरात शिरताच खेळू लागतो आणि दुसरा आईचा पदर सोडत नाही, तेव्हा दोष संगोपनाचा असतोच असे नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात स्वभावातील असे फरक तान्हेपणापासूनच दिसून आले, आणि मुलाचा स्वभाव व पालकांच्या अपेक्षा यांचा मेळ बसण्याला त्यांनी विशेष महत्त्व दिले.

बुजऱ्या मुलाला लग्नकार्याला नेताना गर्दी होण्यापूर्वी पोहोचावे, तेथे कोण भेटणार हे आधी सांगावे आणि ‘काकांना नमस्कार कर’ असा लगेच आग्रह न धरता त्याला काही वेळ आपल्या शेजारी उभे राहू द्यावे. चळवळ्या भावाच्या हातांना मात्र काम हवे असते; अक्षता वाटण्याचे काम त्याच्यावर सोपवावे.

मारायचे नाही, वस्तू फेकायच्या नाहीत, हे नियम दोघांनाही सारखेच असावेत. भांडणात ‘तू थोरला आहेस, तूच समजून घे’ असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते; दोघांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे. शांत मूल तक्रार करत नाही, म्हणून त्याच्याकडेच अधिक दुर्लक्ष होते. त्यामुळे रोज थोडा वेळ, भाऊ जवळ नसताना, केवळ त्याच्यासाठी राखून ठेवावा आणि त्या वेळेत काय करायचे हे त्यालाच ठरवू द्यावे.