गाडीवर चिकटवलेली क्रोम पट्टी आणि साइड बीडिंग रंगाला धक्का न लावता कशी काढावी

जुनी गाडी विकत घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाची हौसही आपल्या दारात येते. दारांवरची क्रोम पट्टी, हँडलांची चकचकीत आवरणे, खिडक्यांवरचे व्हायझर, डिकीवर चिकटवलेली अक्षरे अशा कितीतरी वस्तू गाडीवर असतात. कोल्हापुरात गाडी सजवण्याची आवड मोठी आहे आणि नव्या वस्तू शोभूनही दिसतात. पण चार-पाच पावसाळे गेले की क्रोमचा मुलामा पोपडे धरू लागतो आणि टेपची एखादी कड सुटते. मग त्या फटीत जोतिबाच्या यात्रेतला गुलाल, गळीत हंगामात कारखान्यांच्या चिमण्यांतून उडणारी काजळी आणि पावसाळ्यातला चिखल साठत जातो व आतली ओल सुकायची थांबते. अशी पट्टी काढून टाकलेलीच बरी. हे काम घरी, साध्या सामानाने करता येते. मात्र पट्टी बोटांनी धरून उपटण्याचा मोह पहिल्या क्षणापासून आवरावा लागतो.

तो का आवरायचा, हे आधी समजून घेतले पाहिजे. पट्टी आणि रंग यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी चिकटणारी अ‍ॅक्रिलिक फोमची टेप असते आणि तिची जाडी साधारण एक मिलिमीटर असते. टेप लावल्यावर पुढच्या ७२ तासांत तिची पकड जवळजवळ पूर्ण बसते. तिच्याखालचा कंपनीचा रंग मात्र सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो, आणि त्यातला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट बहुधा ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. पट्टी सरळ बाहेर ओढली की आपला सगळा जोर टेपच्या कडेच्या एका अरुंद रेषेवर एकवटतो आणि तिथे रंगाची पकड टेपच्या पकडीपेक्षा कमी पडली, तर रंगच सुटून येतो. म्हणून पट्टी ओढायची नाही, तिच्या पाठीमागचा फोम दोऱ्याने कापायचा. फोम कापताना जोर रंगावर येत नाही आणि रंगावर उरलेला चिकटा नंतर सावकाश काढता येतो.

आधी गाडी नीट पाहावी

प्रत्येक सजावटीची वस्तू केवळ टेपवरच बसलेली असते असे नाही. चाकांवरच्या कमानींची क्रोम पट्टी पुष्कळदा आतल्या बाजूने स्क्रूने कसलेली असते. काही साइड बीडिंगला, म्हणजे दारांवरच्या आडव्या संरक्षक पट्टीला, टेपबरोबर प्लास्टिकच्या क्लिपाही असतात, आणि कंपनीच्या बोधचिन्हामागे जागा पक्की राहावी म्हणून एक-दोन खुंट्या असू शकतात. बॅटरीच्या उजेडात कडेकडेने पाहावे, बोटाने हलकेच दाबून पाहावे आणि क्लिप किंवा स्क्रू असल्याची शंका आली तर त्या जागी दोरा घालू नये. स्क्रूची पट्टी काढल्यावर पत्र्याला भोक उरणार हेही आधीच गृहीत धरावे.

याहून महत्त्वाची पाहणी रंगाची आहे. ज्या दारावर पूर्वी डेंटिंग-पेंटिंग झाले आहे, तिथला रंग कंपनीच्या रंगाइतका घट्ट बसलेला असेलच असे नाही. कारखान्यात रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. गॅरेजमध्ये ते तापमान बरेच कमी ठेवावे लागते आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर पकड आणखी कमी असते. दुरुस्ती ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. काचेच्या रबरावर किंवा दाराच्या बिजागरीजवळ रंगाचे बारीक तुषार दिसतात, शेजारच्या दाराशी छटा जुळत नाही, किंवा तिरप्या उजेडात पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत भासतो. असे दार आढळल्यास तिथे उष्णता कमी द्यावी आणि दुप्पट सावकाश काम करावे. पट्टीच्या कडेला रंगाचे फुगवटे आधीच आले असतील, तर ती पट्टी स्वतः काढण्याऐवजी उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या पेंटरला दाखवावी, कारण त्या फुगवट्यांखाली गंज असण्याची शक्यता दाट असते.

वेळ आणि सामान

कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात हे काम काढू नये, कारण पट्टीखालची ओल सुकत नाही आणि ओल्या पृष्ठभागावर वाळूचे कण अडकून ओरखडे पडतात. चैत्र-वैशाखातल्या भर दुपारीही नको. उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावर फोम इतका मऊ होतो की कापला न जाता चिंगमसारखा पसरतो. उन्हाळ्यात सकाळी तास-दीड तास गाडी कोवळ्या उन्हात ठेवून मग सावलीत घ्यावी. हिवाळ्यात दुपारचे काम उत्तम होते.

सामानात हेअर ड्रायर, मासे पकडायची नायलॉनची तंगूस किंवा जाड डेंटल फ्लॉस, मास्किंग टेप, जुने प्लास्टिकचे कार्ड, मायक्रोफायबरची तीन-चार स्वच्छ फडकी, गाडी धुण्याचा शॅम्पू, औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि रंगाच्या दुकानातले टर्पेंटाइन एवढे पुरते. हीट गन असली तरी तिला हात लावू नये. तिच्या तोंडाशी हवा ५०० अंशांच्या पुढे जाऊ शकते आणि क्षणभर एका जागी थांबली तरी रंग फुगतो. स्क्रू ड्रायव्हर, सुरी आणि धातूची पट्टी तर गाडीजवळ आणूच नये.

काढण्याची कृती

प्रथम गाडी शॅम्पूने धुवावी आणि पट्टीच्या वरच्या व खालच्या कडेला भरपूर पाणी सोडावे. ही पायरी घाईत उरकली जाते, पण रंगावरचे बहुतेक ओरखडे इथल्याच चुकीने पडतात: कडेत साचलेली वाळू धुऊन गेली नाही, तर पुढे दोरा तीच वाळू रंगावर घासत नेतो. जुन्या मऊ टूथब्रशने कड हलकेच साफ केली की गुलालाची गुलाबी रेघ पाण्याबरोबर वाहताना दिसते. पाणी स्वच्छ येऊ लागेपर्यंत हे करत राहावे. नंतर गाडी पूर्ण कोरडी करून पट्टीच्या वर आणि खाली, रंगावर, मास्किंग टेपचे दोन पदर लावावेत. तीच वस्तू पुन्हा बसवायची असेल, तर तिची जागा याच टेपवर पेन्सिलीने आखून ठेवावी.

आता एका टोकापासून साधारण एक वीत लांबीचा भाग हेअर ड्रायरने तापवावा. ड्रायर दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर धरून सतत पुढे-मागे फिरवत राहावे. पत्र्यावर तळहात दोन-तीन सेकंद सुखाने टेकवता यावा इतकीच उष्णता पुरेशी असते. हात लगेच मागे घ्यावासा वाटला, तर ती जास्त झाली. बंपर प्लास्टिकचा असल्यामुळे तिथे याहूनही कमी उष्णता द्यावी.

तंगूस हातभर लांब घेऊन तिची टोके दोन्ही हातांना, हातमोज्यांवरून गुंडाळावीत. पट्टीच्या टोकामागे ती सरकवून रंगाला शक्यतो समांतर आणि पट्टीच्या बाजूला किंचित झुकलेली ठेवावी आणि करवतीसारखी वर-खाली ओढत पुढे न्यावी. फोम नीट तापलेला असेल तर दोरा एकसारख्या गतीने, मऊ विरोध करत पुढे जातो. तो अडखळला किंवा कडक लागला तर जोर वाढवू नये. तो भाग पुन्हा तापवावा. सुटलेले टोक एका मदतनिसाने नुसते आधाराला धरावे, कारण लोंबणारी पट्टी वळून तिची धातूची कड रंगाला लागते. याप्रमाणे वीत-वीत पुढे जावे. दोरा एका जागी पक्का थांबला, तर तिथे क्लिप किंवा खुंटी आहे असे समजून दुसऱ्या टोकाकडून काम सुरू करावे.

उरलेला चिकटा

पट्टी निघाल्यावर रंगावर फोमचा करडा, चिकट पट्टा उरतो आणि बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. त्याला नखाने किंवा कोरड्या फडक्याने खरवडू नये. पुन्हा थोडे तापवून अंगठ्याचे पेर फोमच्या कडेला टेकवावे आणि दाब देत पुढे लोटावे. फोम गुंडाळत जातो आणि त्याची बारीक वळकटी सुटून हातात येते. अंगठा थकेल, पण रंगासाठी याहून सुरक्षित साधन नाही. जिथे थर पातळ राहील तिथे प्लास्टिकचे कार्ड सपाट धरून लोटावे.

राहिलेल्या चिकट्यासाठी आधी टर्पेंटाइन किंवा अल्कोहोल दाराच्या आतल्या चौकटीत, न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. फडक्यावर रंग उतरला नाही, तर भिजवलेले फडके चिकट्यावर मिनिटभर टेकवावे, मऊ झालेला थर पुसून घ्यावा आणि लगेच शॅम्पूच्या पाण्याने धुवावे. थिनर, अ‍ॅसिटोन आणि पेट्रोल वापरू नयेत. थिनर व अ‍ॅसिटोन गॅरेजमधला रंग मऊ करून टाकतात, तर पेट्रोल पेट घेण्याचा धोका फार मोठा आहे. अल्कोहोलही उघड्या ज्योतीपासून दूरच ठेवावे, आणि व्हायझर पुन्हा वापरायचा असेल तर त्याला अल्कोहोल लावू नये, कारण काही पारदर्शक प्लास्टिकवर त्याने बारीक तडे जातात. वस्तू झटपट चिकटणाऱ्या गोंदाने किंवा इपॉक्सीने बसवलेली असेल, तर तो गोंद विरघळवणारे द्रव्य रंगालाही सोडत नाही. तिथे थांबावे आणि पेंटरकडे जावे.

नंतरची निगा

पट्टीखालचा रंग वर्षानुवर्षे उन्हापासून झाकलेला असल्याने तिथे गडद रेघ दिसू शकते. आजूबाजूच्या रंगाची चमक हाताने सौम्य पॉलिश केल्यास बरीच परत येते. मात्र मुळातला रंगच उडाला असेल, विशेषतः लाल रंगाच्या गाड्यांवर, तर फरक पूर्णपणे जात नाही. जोरकस रबिंग कंपाउंडने त्यामागे लागू नये, कारण प्रत्येक घासणीबरोबर क्लिअर कोट पातळ होत जातो. पॉलिशनंतर वॅक्सचा एक हात द्यावा.

स्क्रूची भोके किंवा कुठे टवका उडून उघडा पडलेला पत्रा दिसला, तर तो पहिल्या पावसाच्या आत बंद झालाच पाहिजे. भोके गॅरेजमध्येच बुजवून घ्यावीत. टवक्यासाठी गाडीवरच्या पट्टिकेतला रंगाचा कोड पाहून तोच टच-अप रंग आणावा. ही पट्टिका बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली असते. टवक्यातला गंज बारीक पॉलिश पेपरने हलका काढून, जागा अल्कोहोलने पुसून आणि पूर्ण सुकवून मग रंगाचे पातळ थर एकावर एक द्यावेत. रंग पूर्ण पक्का होईपर्यंत, म्हणजे सुमारे महिनाभर, त्या जागेवर वॅक्स लावू नये.