मैत्रिणीचा ड्राफ्ट वाचून "मस्त आहे" एवढंच लिहू नका

आमच्या वर्गात एकमेकांचे ड्राफ्ट वाचायला देतात आणि निम्मे जण खाली "मस्त लिहिलं" लिहून कागद परत करतात. आता नेमकं काय मस्त, हे लिहिणाऱ्याला कसं कळणार?

मी काय करते सांगते. आधी विचारून घ्यायचं, तुला कुठं अडल्यासारखं वाटून राहिलं. मग एकदा नुसतं वाचायचं, हातात पेन नको. दुसऱ्यांदा पेन्सिल घ्यायची, लाल पेन नाहीच, जिथं मजा आली तिथं समासात टिक आणि जिथं मागं जाऊन परत वाचावं लागलं तिथं नागमोडी रेघ. ऱ्हस्व-दीर्घ सध्या राहू द्या, जे वाक्य पुढं उडणारच आहे त्याच्या वेलांट्या कशाला सुधरवत बसायच्या.

मागच्या वेळी माझ्याकडे मैत्रिणीचा मारबतीवरचा लेख आला. मारबत म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, मिरवणूक काढून जाळतात तो मोठा पुतळा. सुरुवात "भारत हा सणांचा देश आहे", मग पोळ्याचं महत्त्व, मग बैलांचं महत्त्व, असं दीड पान. आणि तिसऱ्या पानावर एकदम तिची आजी, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी इतवारीच्या गर्दीत नातीला कडेवर घेऊन, घसा बसेपर्यंत "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" ओरडून राहिली! मी तिथं थांबलीच. बाजूला लिहिलं, "इथं मला आजीचा आवाज ऐकू आला, लेख इथूनच सुरू केला तर? पहिलं दीड पान वाचताना मी दोनदा फोन पाहिला." सुरुवात बोर आहे असं नाही म्हटलं, वाचताना माझं काय झालं तेवढं सांगितलं, त्यावर वादच होत नाही.

"पिवळी मारबत फार पूर्वीपासून निघते" इथं फक्त "किती पूर्वी?" एवढंच लिहिलं, उत्तर दिलं नाही. तिनं स्वतः शोधलं, १८८५ पासून, आणि सोबत जागनाथ बुधवारीतून ती कशी निघते तेही घेऊन आली.

मोठे मुद्दे दोन-तीनच ठेवा, जास्त झाले की माणूस काहीच बदलत नाही.

आणि एक, दुसऱ्याची वाक्यं आपल्या भाषेत लिहून देऊ नका प्लीज. त्याच लेखात एकानं "ओरडून राहिली" खोडून "ओरडत होती" केलं होतं. मी ते रबरानं पुसलं आणि मूळ शब्दांवर टिक केली, आजी नागपूरची आहे नं.