पुराआधीच स्ट्रेचर मिळालं, ते असं

गडचिरोलीतल्या भामरागडला पर्लकोटा नदी फुगली की आमचा पाडा तुटतो. पेशंट बाजेवर, चौघांच्या खांद्यावर. स्ट्रेचर, दोर आणि औषधपेटीसाठी आपत्तीच्या नावाने अर्ज केला, तर उत्तर आलं, ‘मदत आपत्तीनंतर.’ म्हणजे आधी वाहून जा!

एका ग्रामसेवकभाऊंनी पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, ५ टक्के अबंध (एकाच योजनेला न बांधलेल्या) निधीची आठवण करून दिली. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतले हे पैसे थेट गावाकडे येतात आणि खर्च ग्रामसभा ठरवते. आमची चूक मथळ्यातच होती. ‘आपत्ती’ खोडून ‘आरोग्य’ लिहिलं, कारण ते निधीच्या ठरलेल्या बाबींत बसतं. मे महिन्यात ठराव केला, हे पैसे सांभाळणाऱ्या ग्रामसभेच्या कोष समितीच्या सह्या घेतल्या. जूनमध्ये स्ट्रेचर समाजमंदिरात टांगलं. दोराचं बिल मात्र अजून अडकलंय.