दोन इमारतींमध्ये फायबर कन्व्हर्टर बसवताना

कंट्रोल रूम एका इमारतीत आणि पंपहाऊस दुसऱ्या इमारतीत असेल, तर मधली आरएस-४८५ ची (यंत्रांमधला डेटा नेणारी तांब्याची) वायर काढा, फायबर टाका आणि दोन्ही टोकांना तांब्यातला सिग्नल प्रकाशात बदलणारे कन्व्हर्टर बसवा. अंतर दीडशे मीटर असलं तरी टाका. हे सांगितलं की परचेसवाले हमखास विचारतात, "मॅडम, ४८५ तर बाराशे मीटर जातं ना?" जातं, बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, कमी असेल आणि केबल चांगली असेल तर जातं. पण इथे प्रश्न अंतराचा नाहीच, अर्थिंगचा आहे.

मी नवी मुंबईच्या रबाळे-महापे-पावणे पट्ट्यात इन्स्ट्रुमेंटेशनची कामं करते. इथे डोंगराकडे खणलं की कातळ लागतो, खाडीकडे खणलं की चिखल. प्रत्येक इमारतीचे अर्थ पिट वेगळे, त्यांची देखभाल वेगळी. ४८५ चा पोर्ट साधारण उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचा फरक सोसतो, त्यापुढे नाही. मेच्या शेवटी वळवाचा पाऊस सुरू होतो, जवळपास वीज पडते, आणि दोन इमारतींच्या अर्थमधला फरक क्षणभरासाठी या मर्यादेच्या कैक पट होतो. तो फरक वायरीतूनच वाट काढतो आणि त्या वाटेवर पीएलसीचं, म्हणजे प्लांट चालवणाऱ्या कंट्रोलरचं, कम्युनिकेशन कार्ड असतं. फायबर काचेचं असतं आणि काचेतून ही वीज जात नाही. फायबर टाकायचं खरं कारण हे आहे. मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या नॉइजपासून सुटका होते, तो वरचा फायदा.

म्हणूनच दोन्ही इमारतींमध्ये दुसरी कुठलीही धातूची वाट राहू देऊ नका. पावणे एमआयडीसीतल्या एका प्लांटच्या ईटीपीवर (सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर) फायबर टाकूनही पावसाळ्यात कन्व्हर्टर जळत होते. ट्रेंचमध्ये उतरून पाहिलं, तर फायबरच्या शेजारून दोन कोरची केबल गेलेली. पंपहाऊसमध्ये २४ व्होल्ट नाहीत म्हणून ठेकेदाराने ते कंट्रोल रूममधूनच नेले होते. म्हणजे जे तोडायचं होतं तेच पुन्हा जोडलेलं. पंपहाऊसच्या कन्व्हर्टरला तिथल्याच २३० व्होल्टवरून वेगळा एसएमपीएस (२३० चे २४ व्होल्ट करणारा पुरवठा) द्या आणि त्याच्या आधी सर्ज प्रोटेक्टर लावा. आर्मर्ड फायबरच्या पोलादी आवरणाचंही तेच. घुशींमुळे आर्मर्ड घ्यावी लागते हे मला मान्य आहे, पण आर्मर एकाच टोकाला अर्थ करा. दुसऱ्या टोकाला ते पॅनलच्या पत्र्याला आणि ग्लँडला टेकणार नाही असं कापा.

आता खरेदी. कन्व्हर्टर पॅनलमधल्या डीन रेलवर बसणारा, स्क्रू टर्मिनलवर २४ व्होल्ट डीसी घेणारा हवा. ऑफिसात वापरतात तो ५ व्होल्टच्या अडॅप्टरचा डबा पंपांच्या थरथरीत टिकत नाही, त्याचा पिन जॅक सैल होतो. तापमानाचा आकडा वाचूनच घ्या. पत्र्याच्या शेडमधल्या पॅनलमध्ये मेच्या दुपारी ५० अंश सहज होतात, तिथे ७५ अंशांपर्यंतचा औद्योगिक ग्रेडच पाहिजे. ज्वलनशील वाफांचा झोन असेल तर "फायबर आहे, काही होत नाही" यावर जाऊ नका. कन्व्हर्टर हे विजेवर चालणारं यंत्र आहे. ते झोनबाहेर ठेवा किंवा त्या झोनचं प्रमाणपत्र असलेलंच घ्या.

नवीन केबल टाकत असाल तर सिंगलमोड (बारीक गाभ्याची) टाका. जुनी मल्टीमोड (जाड गाभ्याची) पडलेली असेल तर ती वापरा, पण दोन्ही टोकांचे कन्व्हर्टर तिच्याच जातीचे घ्या. कामाला दोनच कोर (फायबरचे धागे) लागतात, तरी १२ कोरची केबल घ्या. खणण्याच्या खर्चापुढे कोरची किंमत नगण्य आहे.

प्रकाशाचा हिशेब कागदावर मांडा, पाच मिनिटांचं काम आहे. समजा ८०० मीटर सिंगलमोड, १३१० नॅनोमीटर. किलोमीटरला ०.४ डीबी (प्रकाश घटण्याचं माप) धरले तर केबलचे ०.३२. दोन्ही टोकांच्या एलआययूमधल्या (केबल जिथे संपते त्या डब्यांमधल्या) दोन जोडण्यांचे प्रत्येकी ०.५, म्हणजे १. दोन स्प्लाइसचे (फायबरच्या सांध्यांचे) ०.२. एकूण दीड डीबी. कन्व्हर्टर किमान उणे १५ डीबीएम (प्रकाशाची ताकद) सोडत असेल आणि उणे ३४ पर्यंत ऐकत असेल, तर हातात १९ डीबी आहेत. ३ डीबी राखीव ठेवूनही भरपूर उरतात. उलट, ८० किलोमीटरचा कन्व्हर्टर "जास्त चांगला" म्हणून घेऊ नका. एवढ्या कमी अंतरावर त्याचा प्रकाश समोरच्या रिसीव्हरला झेपत नाही, मग प्रकाश कमी करणारा ॲटेन्युएटर लावत बसावं लागतं.

हा हिशेब पुढेही कामाला येतो. पॉवर मीटर कन्व्हर्टरच्या तोंडाशी उणे १२ दाखवत असेल, तर पलीकडे उणे साडेतेराच्या आसपास आलं पाहिजे. उणे २० आलं तर लिंकचा दिवा हिरवा असला तरी काम संपलेलं नाही. दहापैकी नऊ वेळा कनेक्टरवर धूळ असते. सिंगलमोडचा प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचव्या भागाहूनही कमी. बोटाचा एक ओझरता स्पर्श त्याच्यावर तेलाचा थर सोडतो. आधी क्लीनर पेन, मग स्कोपखाली नजर, मग जोडणी, आणि हे प्रत्येक वेळी. टोपी काढून दोन मिनिटं टेबलावर ठेवलेला पॅच कॉर्डही पुन्हा पुसायचा. कनेक्टरमध्ये डोळा घालून "लाइट येतेय का" हे कधीच पाहू नका. १३१० चा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातो.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, आणि ती फायबरमध्ये नसून दोन्ही टोकांना उरलेल्या तांब्यात असते. आधी ४८५ ची एकच लांब बस (सामाईक वायर) होती, दोन टोकांना १२० ओमचे दोन रेझिस्टर, त्यालाच टर्मिनेशन म्हणतात. मध्ये फायबर आलं की त्या एका बसच्या दोन स्वतंत्र बस होतात. प्रत्येकीला स्वतःची टर्मिनेशन हवी आणि स्वतःचं बायसिंगही हवं, म्हणजे शांत वेळी ए आणि बी या दोन वायरींमधला फरक ठरलेला ठेवणारे रेझिस्टर. जुनं बायसिंग पीएलसीच्या कार्डावर असतं, त्यामुळे पंपहाऊसकडचा तुकडा उघडा पडतो. त्यात कोणी कन्व्हर्टरच्या डिप स्विचवर (सेटिंगच्या छोट्या स्विचवर) १२० ओम चालू केला की शांत वेळी ए आणि बी मधला फरक शून्याजवळ येतो. थोडा नॉइज आला की कन्व्हर्टरला वाटतं डेटा आला, आणि तो कचरा फायबरवरून कंट्रोल रूमकडे पाठवत राहतो. कन्व्हर्टरचा टीएक्सचा (पाठवण्याचा) दिवा कारण नसताना लुकलुकत असेल तर हेच समजा. पॉवर बंद करून ए-बी मध्ये मल्टीमीटर लावा, दोन्ही टोकं टर्मिनेट असतील तर ६० ओमच्या जवळपास दिसेल. मग पॉवर चालू करून पोलिंग (पीएलसीची विचारणा) थांबवा आणि व्होल्टेज पाहा. २०० मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तर बायसिंग चालू करा, पण एका तुकड्यात एकाच ठिकाणी. ए आणि बी ची नावं प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते, त्यामुळे काहीच बोलत नसेल तर दोन वायरी अदलाबदल करून पाहा, त्याने काही जळत नाही.

फायबर स्वतः वेळ घेत नाही, किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. ९६०० बॉडवर मॉडबसच्या (४८५ वर चालणाऱ्या भाषेच्या) दोन फ्रेममधली शांतताच ४ मिलिसेकंदांची असते, तिच्यापुढे हे काहीच नाही.

४८५ ऐवजी इथरनेट असेल तर दोन्ही टोकांचा वेग आणि डुप्लेक्स (एका वेळी एकाच की दोन्ही दिशांनी बोलणं) हाताने तपासा, आणि लिंक फॉल्ट पास-थ्रूचा स्विच चालू करा. तो बंद असेल तर फायबर तुटलं तरी तांब्याच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहतो आणि स्काडाच्या (देखरेखीच्या संगणकाच्या) स्विचला काही कळत नाही. एकेक कोर उपसून दोन्ही टोकांचे दिवे विझतात का ते पाहा. पंपहाऊसमध्ये तीन-चार उपकरणं असतील तर कन्व्हर्टरच्या भानगडीत न पडता एसएफपीवाला (फायबर थेट लागणारा) मॅनेज्ड स्विच घ्या.

चाचणी पंप बंद असताना करून सही घेऊ नका. सगळे ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालवा, वेल्डिंग चालू असेल तर उत्तमच, आणि मास्टरमधला (पीएलसीमधला) टाइमआउट काउंटर, म्हणजे न मिळालेल्या उत्तरांची मोजणी, तासभर पाहा. मग दोन्ही टोकांचे डीबीएमचे आकडे, तारीख आणि डिप स्विचचा फोटो पॅनलच्या दाराच्या आत चिकटवा. त्याच सेटिंगचा एक जादा कन्व्हर्टर स्टोअरमध्ये न ठेवता कंट्रोल रूमच्या कपाटात ठेवा, कारण रात्री दोन वाजता स्टोअरची किल्ली कोणाकडेच नसते.