बडोद्यात पाळणाघर शोधताना या चुका टाळा

बाळंतपणाची रजा संपायला आठवडा उरला की मला फोन येतो. "काकू, मांजलपूरच्या बाजूला एखादं लायसन्सवालं डे-केअर सांगा ना. सोमवारपासून हवंय." पहिल्या दोन मुलांच्या वेळी कायद्याने २६ आठवडे पगारी रजा मिळते. तेवढ्या दिवसांत चार जागा सावकाश बघून होतात. घाईत पकडलेली जागा पुढे दोन महिन्यांत सोडावी लागते आणि तो फेरबदल बाळाला सोसावा लागतो. मी नोकरीची सगळी वर्षं बालवाडीत काढली. आता ओळखीतल्या लेकीसुनांबरोबर पाळणाघरं बघायला जाते, आणि त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहून जीव तुटतो.

भिंतीवरचा गुमास्ता म्हणजे पाळणाघराचा परवाना, असं समजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हिच्याबद्दल.

बहुतेक पाळणाघरांच्या ऑफिसात एक-दोन कागद फ्रेम करून लावलेले असतात. शिक्का दिसला की आईवडील निश्चिंत होतात. तो कागद बहुतेक वेळा गुमास्ता असतो, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी. साडीच्या दुकानालाही तीच मिळते. या पत्त्यावर अमुक व्यवसाय चालतो, एवढंच ती सांगते. आत मुलं किती, सांभाळायला कोण, आग लागली तर बाहेर पडायचं कुठून, याच्याशी तिचा संबंध नाही. शेजारी लावलेलं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगांची नोंदणी, घरबसल्या ऑनलाइन निघतं. फ्रँचायझीच्या कागदाचा अर्थ एवढाच की ब्रँडने नाव वापरायला दिलंय.

मुळात खासगी पाळणाघराला देशभर लागू पडेल असा एकच परवाना आपल्याकडे नाही. म्हणून "लायसन्स आहे का?" या प्रश्नाला कुठेही "हो" असंच उत्तर मिळतं. खासगी प्ले-स्कूलसाठी राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. प्ले-स्कूलचा कागद दाखवून कुणी आठ महिन्यांचं बाळ ठेवून घेत असेल, तर त्या बाळासाठी तो कागद कामाचा नाही.

मी चार गोष्टी मागते. इमारतीची बीयू परमिशन, म्हणजे इमारत वापरायची परवानगी, आणि तिच्यात वापर काय लिहिलाय ते. फायर एनओसी आणि तिची मुदत. प्रत्येक मासीची, म्हणजे मुलं सांभाळणाऱ्या बाईची, पोलीस पडताळणी, नुसत्या आधारकार्डाची झेरॉक्स नव्हे. स्वयंपाक तिथे होत असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी. दाखवायला टाळाटाळ झाली तर मी तिथून उठते. "उद्या व्हॉट्सअ‍ॅप करते" यावर माझा विश्वास नाही.

दोन वर्षांपूर्वी शेजारची सून गोत्रीकडची एक जागा पसंत करून आली होती. वर्षाची फी एकदम भरली तर सूट होती, म्हणून पैसेही भरून मोकळी झाली होती. मग मला म्हणाली, "काकू, एकदा बघून तरी घ्या." आम्ही गेलो. भिंतीवरची फ्रेम मी खाली काढायला लावली आणि चष्मा लावून वाचली. पत्ता दुसऱ्याच इमारतीचा होता. पाळणाघर तिथून हलून एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर आलं होतं. वर जायला एकच जिना, जिन्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार आणि त्याला आतून कुलूप. आम्ही निघालो तेव्हा मॅडम बँकेत गेल्या होत्या. मासी म्हणाली, "चावी तो मॅडम पासे छे." आत नऊ मुलं, दोघी मासी आणि आम्ही. मॅडम येईपर्यंत आम्ही त्या जाळीमागे उभ्या होतो आणि सून रडायला लागली होती. सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २४ मे २०१९ला वरच्या मजल्यावरच्या क्लासमध्ये आगीने २२ जीव गेले, तो दिवस गुजरातमध्ये राहणाऱ्या कुणी विसरू नये. मॅडमना ते कुलूप चोराच्या भीतीने योग्य वाटत होतं. पैसे परत मिळाले नाहीत. बाळ मात्र तिथे गेलं नाही.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, वर्षाची फी एकदम भरू नका. महिन्याची भरा, सूट गेली तरी चालेल.

सकाळी अकराला, वेळ ठरवून बघायला जाणं

अकरा वाजता प्रत्येक पाळणाघर छान दिसतं. फरशी पुसलेली, गाणी चालू, मासीच्या अंगावर स्वच्छ एप्रन. मी दुपारी एक ते तीनच्या मधे जाते, आणि पुन्हा एकदा संध्याकाळी साडेसहानंतर, न सांगता. दुपारी शाळा सुटलेली मोठी मुलं येतात, बाळांच्या खोलीतली मासी त्यांना वाढायला जाते, आणि तान्ह्यांजवळ कुणी उरत नाही. संध्याकाळी एक मासी घरी निघून गेलेली असते.

केंद्र सरकारने २०१८मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक सांभाळणारी आणि शिवाय मदतनीस, तसंच दर मुलामागे दहा ते बारा चौरस फूट जागा असं प्रमाण आहे. मला दहा तान्ह्या बाळांमागे एक बाई हे प्रमाणसुद्धा जास्त वाटतं, पण निदान एका बाईमागे दहापेक्षा जास्त बाळं तरी नकोत. कागदावरची स्टाफची यादी बघत बसू नका. उभं राहून मुलं मोजा, मग त्या क्षणी मुलांपाशी असलेले हात मोजा. स्वयंपाक करणारी आणि फोनवर बोलणारी यांना मोजायचं नाही. सांभाळणाऱ्यांपैकी कुणी बालविकासाचं शिक्षण घेतलंय का, तेही विचारा. आपल्या सयाजीराव विद्यापीठात हा विषय कित्येक वर्षं शिकवला जातो, त्यामुळे या गावात हा प्रश्न जड जाऊ नये.

त्याच वेळी झोपलेली बाळं बघा. वर्षाच्या आतलं बाळ पाठीवर झोपवलेलं असावं, तोंडाजवळ उशी-गोधडी नसावी. सगळीच मुलं रोज दुपारी तीन-तीन तास गाढ झोपत असतील तर मला काळजी वाटते. तुमच्या लेखी सूचनेशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही, सर्दीचंसुद्धा नाही, हे पहिल्याच दिवशी लिहून द्या.

कॅमेऱ्याच्या भरवशावर राहणं

मोबाइलवर हॉल दिसतो. स्वयंपाकघर दिसत नाही, आणि बाथरूममध्ये कॅमेरा नसायलाच हवा. म्हणून बाळाला शी-शूला कोण नेतं, कपडे कोण बदलतं, ते नावानिशी विचारा. मुलं असताना प्लंबर, इलेक्ट्रिशियन आत येतात का, तेही विचारा. त्याच २०१८च्या सूचनांत त्यांना त्या वेळी आत घेऊ नये असं म्हटलंय.

नोकरीच्या ठिकाणी न विचारणं

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ द्यायचं, ही तरतूद २०१७पासून कायद्यात आहे. मकरपुऱ्यात, नंदेसरीत नोकरी करणाऱ्या कितीतरी मुली एचआरला एकदाही विचारत नाहीत. लेखी विचारा.

विश्वामित्री नदी विसरणं

ऑगस्ट २०२४च्या पुरात इथे पाणी आलं होतं का, आणि तेव्हा मुलांना कुठे नेलं, हे समा, फतेगंज, अकोट्याच्या बाजूला बघत असाल तर विचारलंच पाहिजे. बेसमेंटमधली जागा मी आतून बघतही नाही.

सहलीच्या कागदावर न वाचता सही करणं

१८ जानेवारी २०२४ला हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. चार-पाच वर्षांच्या मुलाला पाण्यावर नेण्याची परवानगी मी कुणालाच देऊ देत नाही. कमाटीबागेत नेणार असतील तरी किती मोठी माणसं बरोबर आहेत ते लिहून घ्या.

डब्याच्या सूचना तोंडी देणं

वर्षाच्या आत मध नाही, लहान मुलाला अख्खे शेंगदाणे नाहीत. कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायला लावा. बाळाला न्यायला कोण कोण येऊ शकतं त्यांची नावं आणि फोटोही तिथेच. आजोबांचा फोटो राहून जातो आणि मग दारात वाद होतो.

पहिल्याच दिवशी पूर्ण दिवस ठेवणं

या बाबतीत मी हट्टी आहे. पहिले दोन दिवस आईने तासभर तिथेच बसायचं. मग अर्धा तास बाहेर, मग दुपारपर्यंत, असं करत आठवड्याने पूर्ण दिवस. आईला बसू देत नसतील तर जागा बदला. म्हणूनच रजा संपायच्या निदान पंधरा दिवस आधी प्रवेश घ्या.

आणि बाळाची नजर चुकवून पळ काढू नका. आजीसुद्धा पळ काढायचाच सल्ला देते, पण तो चुकीचा आहे. आई अचानक नाहीशी होते हे एकदा मनात बसलं की मूल दिवसभर दाराकडे बघत राहतं. रडलं तरी त्याच्या डोळ्यांदेखत टाटा करा, मासीच्या कडेवर द्या आणि निघा. तासाभराने फोन करून विचारा, किती वेळात शांत झालं आणि कुणाकडे. दर वेळी "हां हां, मजामां छे" एवढंच उत्तर आलं, तर दुपारी स्वतः जाऊन बघा.